लहान भारतीय मुंगूस : जनुकीय मूळशोध

महाराष्ट्रात बांधावरून सुर्रकन आडवे जाते ते बहुधा राखाडी मुंगूस. लहान भारतीय मुंगूस (उर्वा ऑरोपंक्टॅटा) हा त्याचा चणीने लहान भाईबंद. आज कॅरिबियन बेटांपासून हवाई, फिजी, मॉरिशसपर्यंत तो उपद्रवी परका प्राणी म्हणून कुप्रसिद्ध आहे. तो तिथे कुठून पोचला, हे जुन्या कागदांबरोबरच त्याच्या डीएनएतूनही शोधले गेले.

जमैकातील ऊसमळ्याचे मालक डब्ल्यू. बॅन्क्रॉफ्ट एस्प्यूट यांनी 1872 मध्ये उंदीर मारण्यासाठी कोलकात्याहून नऊ मुंगसे मागवली : चार नर, पाच माद्या. त्यांच्याच वंशातील 72 मुंगसे 1883 मध्ये हवाईला गेली. मायटोकॉन्ड्रियातील (पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या कणांतील) डीएनए फक्त आईकडून येतो. म्हणजे पाच माद्यांच्या पिलावळीत मातृवंश फार तर पाचच असणार, आणि हवाईत त्यातलेही काही गळण्याचीच शक्यता. मूळ प्रदेशापेक्षा बेटावरचे वैविध्य असे तोकडे पडते, याला ‘संस्थापक परिणाम’ म्हणतात. केस किंवा कानाचा कपटा एवढ्या नमुन्यावर ही तपासणी होते; संग्रहालयातली जुनी कातडीही चालते. पेशीच्या केंद्रकातील डीएनएच्या पुनरावृत्त तुकड्यांवरून (मायक्रोसॅटेलाइट) बेटांमधली नाती जुळवली, तेव्हा ती नोंदलेल्या इतिहासाशी बरीचशी जुळली.

घोळ होता तो नावाचा. अनेक वर्षे शास्त्रज्ञ या प्राण्याला आग्नेय आशियातल्या जावा मुंगसातच धरत होते. 2007 मध्ये डीएनएवरून दोन्ही जाती वेगळ्या ठरल्या. त्यांच्या प्रदेशांमधली सीमा म्यानमारच्या साल्वीन नदीपाशी येते. बेटांवरचे उपद्रवी मुंगूस भारताकडचे निघाले. त्याआधीच्या कित्येक शोधनिबंधांत मात्र ते जावाच्या नावावर जमा आहे.

फिजीत तर एकाच्या जागी दोन सापडले. 1883 पासून तिथे लहान मुंगूस आहे, एवढेच ठाऊक होते. 2010 च्या सुमारास विती लेवू बेटावरचे काही नमुने तपासले, तर ते दक्षिण भारत आणि श्रीलंकेतल्या तपकिरी मुंगसाचे!

निर्मूलनाच्या कामातही ही ओळख लागते. मोहिमेनंतर एखादे मुंगूस पुन्हा पिंजऱ्यात सापडले, तर ते जुन्यांपैकी उरलेले की बाहेरून नव्याने आलेले, हे डीएनएवरून ताडता येते. त्यावरच पिंजरे बेटावर लावायचे की पहारा बंदरावर बसवायचा हे ठरते. जपानच्या अमामी बेटावर विषारी हाबू सापांच्या बंदोबस्तासाठी 1979 मध्ये सोडलेल्या मुंगसांचे निर्मूलन झाल्याचे 2024 मध्ये जाहीर झाले. हाबू रात्री फिरतो आणि मुंगूस दिवसा. सापांचे फारसे बिघडले नाही, झळ बसली ती तिथल्या दुर्मीळ सशांना.