ग्राफिक्स कार्डाचे जीबी मोजू नका, मेमरी बँडविड्थ किती ते विचारा

बारावी किंवा डिप्लोमा झाला की पोरं पहिला गेमिंग पीसी घ्यायला निघतात. नाशिकमध्ये कॅनडा कॉर्नर, एमजी रोड असं फिरून व्हॉट्सअ‍ॅपवर कोटेशन घेऊन येतात. आमच्या सिडकोतल्या शेजारच्या मुलाने परवा असंच एक दाखवलं, आय५, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, आरजीबी कॅबिनेट, बजेट चाळीस हजार. "काका, चार जीबीचं कार्ड आहे, मग गेम मस्त चालतील ना?"

हा प्रश्न इतक्या जणांकडून ऐकलाय की आता नीट लिहूनच टाकतो. कार्डावरचे जीबी म्हणजे माल किती साठवता येईल एवढंच. गेम किती पळेल हे ठरतं तो माल सेकंदाला किती बाहेर काढता येतो त्यावर. लासलगावकडची कांदा चाळ डोळ्यासमोर आणा, चाळ हजार क्विंटलची बांधली पण दार एक माणूस जेमतेम जाईल एवढंच ठेवलं तर ट्रक भरायला दिवस जाणार, आणि पाचशे क्विंटलची चाळ दोन्ही बाजूंनी उघडत असेल तर तिथला ट्रक दुपारपर्यंत बाजार समितीत पोचलेला असेल. या दाराचं माप म्हणजे मेमरी बँडविड्थ, आणि कोटेशनवर नेमका हाच आकडा लिहिलेला नसतो.

उदाहरण बघा. जीटी ७३० हे २०१४ सालचं कार्ड. त्याचा ४ जीबीवाला डीडीआर३ (जुन्या, संथ मेमरीचा) प्रकार असतो, बस, म्हणजे चिप आणि मेमरीमधल्या तारांचा रस्ता, ६४ बिट, म्हणजे एका वेळी ८ बाइट, सेकंदाला १८० कोटी वेळा. गुणाकार केला की १४.४ जीबी प्रति सेकंद. त्याच नावाचं जीडीडीआर५ (ग्राफिक्ससाठीच्या वेगवान) मेमरीचं कार्ड जीबीने निम्मं असतं पण सेकंदाला ४० जीबी देतं! आणि आरएक्स ६६०० सारखं आजही बऱ्यापैकी चालणारं कार्ड देतं २२४. डब्यावर मोठ्या अक्षरात '४ जीबी' छापलंय म्हणून ते डीडीआर३वालं कार्ड घेणारा माणूस फसतो, आणि त्यात त्याची चूक नाही, त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

आता हा दाराचा प्रश्न येतोच कुठून, हा माझा सगळ्यात आवडता भाग. रॅममधला (आणि कार्डावरच्या मेमरीतलाही) एक बिट म्हणजे एक अगदी चिमुकला कपॅसिटर आणि एक ट्रान्झिस्टर, ही कल्पना आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांची, पेटंट १९६८ चं. कपॅसिटरमध्ये चार्ज असेल तर १, नसेल तर ०. पण तो चार्ज गळतो, त्यामुळे साधारण दर ६४ मिलिसेकंदांत प्रत्येक ओळ (बिट अशा ओळींत मांडलेले असतात) वाचून पुन्हा भरावी लागते, तुम्ही काहीही करत नसलात तरी हे चालूच असतं. आणि वाचताना तो चार्ज जातोच, म्हणून चिप एक बिट मागितला तरी अख्खी ओळ उघडते, सेन्स अ‍ॅम्प्लिफायरमध्ये (क्षीण चार्ज ओळखून मोठा करणाऱ्या सर्किटमध्ये) घेते, त्यातून हवं ते देते आणि ओळ परत लिहून ठेवते. यातल्या एकेका टप्प्याला दहा-पंधरा नॅनोसेकंद लागतात आणि गेल्या वीस वर्षांत हा वेळ फारसा कमी झालेला नाही, कारण इवलासा चार्ज ओळखायला लागणारा वेळ हा भौतिकशास्त्राचा मामला आहे.

मग रॅम फास्ट झाली कशी? तर आतली गती तेवढीच ठेवून एका हाकेत जास्त माल काढला. डीडीआर४ मध्ये आतून प्रत्येक तारेसाठी ८ बिट एकदम उचलतात आणि बाहेर एकामागोमाग एक पाठवतात, त्यामुळे आत ४०० मेगाहर्ट्झवर चालणारी चिप बाहेर ३२०० दिसते. एका स्टिकच्या ६४ तारा, प्रत्येकीवर ८ बिट, म्हणजे एका हाकेला ६४ बाइट, जे प्रोसेसरच्या कॅशमधल्या (त्याच्या आतल्या छोट्या, वेगवान मेमरीतल्या) एका लाइनचं माप आहे. प्रोसेसरला ही नॅनोसेकंदांची वाट टोचते म्हणून तो कॅश ठेवतो. ग्राफिक्स चिपला वाट बघण्याचं एवढं काही वाटत नाही, एका गटाचा डेटा यायचाय तोवर ती दुसऱ्या गटाचे पिक्सेल घेते, असे हजारो धागे (थ्रेड, म्हणजे स्वतंत्र कामं) तिच्याकडे तयार असतात. पण त्या हजारोंना मिळून एकूण माल मात्र भरपूर लागतो. म्हणून ग्राफिक्स कार्डावर मेमरी ही ग्राफिक्स चिपच्या अगदी शेजारी सोल्डर केलेली असते, तारा आखूड, त्यामुळे एका तारेवरून सेकंदाला १४०० कोटी बिटसुद्धा जातात. आरएक्स ६६०० च्या १२८ तारा गुणिले १४०० कोटी, भागिले ८, म्हणजे २२,४०० कोटी बाइट, आले की नाही २२४ जीबी.

हाच हिशोब पिक्सेलवर करून बघा. फुल एचडी म्हणजे २०,७३,६०० पिक्सेल, सेकंदाला ६० फ्रेम. १४.४ जीबीवाल्या कार्डावर एका फ्रेममध्ये एका पिक्सेलच्या वाट्याला जास्तीत जास्त ११६ बाइट येतात, आरएक्स ६६०० वर १८००. एका पिक्सेलसाठी डेप्थ (तो किती लांब आहे) वाचायची, लिहायची, रंग लिहायचा, टेक्स्चरचे (वस्तूंवर चिकटवलेल्या चित्रांचे) आठ-आठ नमुने घ्यायचे, तेही तीन-चार टेक्स्चरमधून, आणि वर धूर-गवत आलं की तोच पिक्सेल परत रंगवायचा. कॅश आणि कॉम्प्रेशनमुळे बरंच वाचतं, तरी ११६ मध्ये आजचा गेम कसा बसणार? रेझोल्यूशन ७२० वर आणलं की पिक्सेल सव्वादोन पटींनी कमी होतात, म्हणून गेम लगेच हलका होतो.

आता चाळीस हजारवाल्याने काय करायचं. भारी कार्ड परवडत नसेल तर जुनाट '४ जीबी' कार्ड घेण्यापेक्षा रायझन ५ ५६००जी सारखा, आतच ग्राफिक्स असलेला प्रोसेसर घ्यावा असं माझं ठाम मत आहे. पण एक अट. याला स्वतःची मेमरी नसते, तो तुमचीच रॅम वापरतो. १६ जीबीची एकच स्टिक लावली आणि बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवण्याचा पर्याय, चालू केला नाही तर रॅम बऱ्याचदा २१३३ वर चालते, म्हणजे १७ जीबी प्रति सेकंद. ८-८ च्या दोन स्टिक, ३२०० वर, दोन चॅनलमध्ये (प्रोसेसरपर्यंतच्या दोन वेगळ्या रस्त्यांवर) लावल्या की ५१.२. बरोबर तिप्पट, आणि जीबी तेवढेच! २०२५ च्या शेवटी एआयच्या डेटा सेंटरांमुळे रॅम महागली, त्यामुळे 'आत्ता एकच घे, दुसरी नंतर टाकू' असं सांगतात, पण इथे ते अजिबात ऐकू नका.

गेम बूस्टर, रॅम क्लीनर वगैरे अ‍ॅप्सच्याही नादी लागू नका, तांब्याच्या तारा कुठलंही सॉफ्टवेअर वाढवू शकत नाही. आणि कॉम्प्युटर ईशान्येला ठेवला की लाभतो म्हणणारे भेटतात त्यांनाही नम्रपणे नाही म्हणा, चिपला दिशा कळत नाही, तापमान कळतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा कॅबिनेटच्या मागे वीतभर जागा सोडा आणि पुढची बाजू बंद काचेची घेऊ नका, भले लाइट कमी चमकू देत.

बाकीचं पटकन सांगतो. नुसतं 'आय५' ऐकून भुलू नका, पुढचा नंबर विचारा, आय५-२४०० हा २०११ चा चार कोरचा आहे आणि आय५-१२४०० हा २०२२ चा सहा कोर, बारा थ्रेडचा. नंबरामागे एफ असेल तर आत ग्राफिक्स नाही, कार्ड लागणारच. एसएमपीएसमध्ये (सगळ्याला वीज पुरवणाऱ्या डब्यात) पैसे वाचवू नका, वर ५०० वॉट लिहिलेलं असलं तरी बाजूच्या तक्त्यात १२ व्होल्टला किती अँपिअर ते वाचा, १२ ने गुणा, कार्ड आणि प्रोसेसरला खरे मिळणारे वॉट तेवढेच. चांगला घेतला तर पुढे बोनस-बिनस आला की त्यावरच आरएक्स ६६०० बसेल.

आणि पैसे देण्याआधी मशीन दुकानातच चालू करायला लावा. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीवर क्लिक केलं की स्पीड आणि किती स्लॉट वापरलेत ते दिसतं, सीपीयू-झेड नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये चॅनल दोन आहेत का ते कळतं. चार स्लॉटच्या बोर्डावर सहसा प्रोसेसरकडून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरायचा असतो, स्टिक शेजारी शेजारी लावल्या असतील तर तिथल्या तिथे बदलून मागा, दोन मिनिटांचं काम आहे.