लिसनिंगच्या पेपरात ओळखीचे शब्द कुठं गायब होतात?

लातूर-नांदेडकडं आयईएलटीएसची, म्हणजे परदेशी जायला लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षेची, तयारी करणाऱ्या पोरांची एक तक्रार हमखास असते. ‘सर, रीडिंग जमतंय, लिसनिंगच धोका देतंय.’ मग सर ऑडिओची स्क्रिप्ट हातात देतात. ती वाचताना एकही शब्द अडत नाही. रूमचं भाडं किती, लायब्ररीचं कार्ड कधी मिळेल, बस कुठून सुटते, एवढंच काय ते बोलणं. पाचवी-सातवीपासून माहीत असलेले शब्द. तरी हेडफोनमध्ये ते ऐकू आलेले नसतात.

१९८९ पासून चाललेल्या या परीक्षेत लिसनिंगचे चार भाग, ४० प्रश्न आणि साधारण ३० मिनिटांचं रेकॉर्डिंग असतं. ते एकदाच वाजतं. पहिला भाग दोन माणसांच्या रोजच्या बोलण्याचा. तो सर्वांत सोपा म्हणून बरेच जण त्याची तयारीच करत नाहीत, आणि मला हे पटत नाही. शब्दांच्या हिशेबानं तो सोपा आहे, हे खरं. पण लेक्चर देणारा माणूस शब्द जरा मोकळे सोडून बोलतो, तर फोनवर बोलणारी दोन माणसं निम्मे शब्द गिळतात. उच्चाराच्या दृष्टीनं साधं बोलणंच जास्त निसरडं असतं.

कागदावर दोन शब्दांमध्ये मोकळी जागा असते. बोलण्यात ती नसते. कुठल्याही ऑडिओ ॲपमध्ये एखादं वाक्य रेकॉर्ड करून त्याची लहर बघा. शब्द संपला तिथं लहर थांबत नाही, आणि जिथं ती सपाट दिसते तिथं बहुतेक वेळा ‘प’, ‘ट’, ‘क’ म्हणताना तोंड क्षणभर बंद झालेलं असतं, तेही भर शब्दाच्या मधोमध. शब्दांच्या सीमा मेंदू स्वतः आखतो. १९६०च्या दशकात आयर्विन पोलॅक आणि जे. एम. पिकेट या अमेरिकी संशोधकांनी गप्पांच्या रेकॉर्डिंगमधून सुटे शब्द कापून इंग्रजी मातृभाषा असलेल्यांनाच ऐकवले. जेमतेम निम्मे ओळखता आले. मागचे-पुढचे शब्द जोडून दिले की तेच ऐकणारे झटकन ओळखू लागले. म्हणजे इंग्रज माणूससुद्धा सगळं ‘ऐकत’ नाही, बरंचसं अंदाजानं भरून काढतो.

हे भरून काढणं इतकं बेमालूम असतं की आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. रिचर्ड वॉरन यांनी १९७० मध्ये एका वाक्यातल्या ‘लेजिस्लेचर्स’ शब्दामधला ‘स’ कापून तिथं खोकल्याचा आवाज चिकटवला आणि २० जणांना ऐकवला. १९ जण म्हणाले, काहीच गहाळ नाही. विसाव्यानं गहाळ आवाज सांगितला, पण तोही चुकीचा.

आता गिळले जाणारे शब्द कोणते ते बघू. मराठीत आपण जवळपास प्रत्येक अक्षराला त्याचा वाटा देतो. इंग्रजीत वाक्यातल्या ठरावीक अक्षरांवर जोर पडतो आणि उरलेली चेपली जातात. जोराच्या दोन अक्षरांत घड्याळाइतकं सारखं अंतर असतं असं पूर्वी म्हणत. मोजून पाहिल्यावर ते इतकं काटेकोर निघालं नाही, पण चेपणं मात्र खरं आहे. चेपलेल्या अक्षरातला स्वर कुठलाही असो, त्याचा बहुधा ‘अ’सारखा पुसट आवाज होतो. म्हणून ‘व्हॉट डू यू वॉन्ट टू डू’ हे वाक्य कानावर ‘व्हॉड्यवॉनडू’ असं येतं. सहा शब्दांचा एक लगदा.

मराठी पुस्तकावर शिकलेला एखादा परदेशी बीडच्या बसस्टँडवर उतरला तर त्याची हीच गत होईल. तो ‘तू काय करीत आहेस’ पाठ करून आलेला असणार, आणि कानावर पडणार ‘काय करायलास रे’.

ही मोडतोड वाटेल तशी होत नाही, तिला नियम आहेत, आणि एक तर आपल्या तोंडात आधीपासून आहे. ‘संप’, ‘संत’, ‘संघ’ हे तीन शब्द सावकाश म्हणा. टिंब एकच, पण ‘संप’ म्हणताना ओठ मिटतात, ‘संत’ म्हणताना जीभ दातांना टेकते आणि ‘संघ’ म्हणताना तिचा मागचा भाग वर जातो. पुढच्या अक्षराच्या जागेवर आधीच्या अनुनासिकानं जाऊन बसायचं, हा पाणिनीनं सूत्रात बांधलेला परसवर्णाचा नियम. इंग्रज माणूस घाईत ‘टेन पाउंड्स’चं ‘टेम्पाउंड्स’ करतो आणि ‘हँडबॅग’चं ‘हॅम्बॅग’ करतो, तेव्हा हेच चाललेलं असतं.

‘कॅन’ आणि ‘कान्ट’ची गंमत याहून घातक आहे. ‘आय कॅन कम’ या वाक्यातला ‘कॅन’ चेपून नुसता ‘कन्’ उरतो. नकारात मात्र स्वर पूर्ण येतो. ब्रिटिश तोंडी तो ‘कान्ट’ असतो, ओळखायला सोपा. अमेरिकी तोंडी ‘कॅन्ट’ होतो आणि शेवटचा ‘ट’ बहुधा घशातच अडकतो. त्यामुळं अमेरिकी बोलण्यात वाक्याच्या मधोमध ‘कॅन’ ठसठशीत ऐकू आलं, तर तो बऱ्याचदा नकार असतो. आपली पोरं तिथं बिनदिक्कत होकार टिपतात.

लगद्यातून शब्द सुटे करायला इंग्रज माणूस काय करतो, यावर ॲन कटलर या ऑस्ट्रेलियन भाषावैज्ञानिकेनं मोठं काम केलं. इंग्रजी बोलण्यातले सुमारे ९० टक्के अर्थवाही शब्द (नाम, क्रियापद वगैरे) ठसठशीत अक्षरानं सुरू होतात, असं तिला आढळलं. जोराचं अक्षर आलं की ऐकणारा तिथं नवा शब्द सुरू झाला असं धरून चालतो. परीक्षार्थींनी उचलावी अशी ही सवय आहे. प्रत्येक शब्द पकडायच्या नादाला न लागता ठोके पकडायचे.

काही आवाज तर आपल्या कानाला वेगळे लागतच नाहीत. ‘व्हाइन’ आणि ‘वाइन’ घ्या. पहिल्यात दात खालच्या ओठाला घासतात, दुसऱ्यात दोन्ही ओठ गोल होतात. मराठीत दोघांना मिळून एकच ‘व’ आहे. यात लाजायचं कारण नाही, कारण तिकडच्यांचीही तीच अवस्था आहे. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांचा १९८४ चा प्रयोग प्रसिद्ध आहे. कॅनडातल्या इंग्रजी घरांतल्या ६ ते ८ महिन्यांच्या बाळांना हिंदीतल्या ‘ट’ आणि ‘त’मधला फरक कळत होता. वर्षाची होईतो बहुतेकांची ही क्षमता ओसरली. मोठ्या इंग्रजी भाषिकांना तर ‘टाक’ आणि ‘ताक’ यांतला फरक पकडताना घाम फुटतो.

मोठेपणी कान घडवता येतो, फक्त रीत बरोबर पाहिजे. इंडियाना विद्यापीठात डेव्हिड पिसोनी आणि सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला जपानी लोकांना इंग्रजीतले ‘र’ आणि ‘ल’ ओळखायला शिकवलं. एकाच माणसाचा आवाज ऐकून शिकलेल्यांचं कौशल्य नव्या आवाजापुढं टिकलं नाही. अनेक आवाज ऐकलेल्यांचं टिकलं. एकाच यूट्यूबवाल्याचे व्हिडिओ महिनोन्‌महिने घोटणाऱ्यांनी याचा विचार करावा.

या बाबतीत आपल्याकडच्या पोरांना खरं तर घरचाच सराव आहे. देगलूर-धर्माबादला तेलुगू कानावर पडते, उदगीर-निलंग्याला कन्नड, तांड्यावर गोरमाटी आणि संभाजीनगरच्या गल्लीत दखनी. माणूस बदलला की कान जुळवून घ्यायचा, हे इथं कुणी शिकवत नाही. क्लार्क आणि गॅरेट यांनी २००४ मध्ये दाखवलं की अनोळखी ढंगाच्या इंग्रजीला ऐकणाऱ्याचा कान एका मिनिटाच्या आत सरावू लागतो. ऐकणारे इंग्रजी भाषिक होते, म्हणून आपल्याला थोडा जास्त वेळ धरावा. तरीही ऑस्ट्रेलियन आवाज सुरू होताच पेन खाली ठेवायचं कारण नाही.

सबटायटलचा प्रश्न नेहमी निघतो. होल्गर मिटरर आणि जेम्स मॅक्वीन यांनी २००९ मध्ये डच लोकांना स्कॉटिश आणि ऑस्ट्रेलियन ढंगाचं इंग्रजी बोलणारे कार्यक्रम दाखवले. ज्यांनी इंग्रजी सबटायटल वाचली, त्यांना नंतर त्याच ढंगातली नवी वाक्यं जास्त चांगली कळली. डच सबटायटल वाचणारे मात्र नव्या वाक्यांना मागं पडले. अर्थ मातृभाषेत आयता मिळाला की कान कामच करत नाही. तेव्हा हिंदी सबटायटल बंद, इंग्रजी चालू, आणि तोच तुकडा लगेच सबटायटलशिवाय पुन्हा एकदा.

शेवटी पहिल्या भागातला नेहमीचा सापळा. फोनवरची बाई भाडं सांगते, ‘इट वॉज वन फिफ्टी अ वीक.’ पोरगा खूश होऊन १५० लिहायला लागतो. तोवर ती पुढं म्हणते, ‘बट फ्रॉम जून इट्स वन सिक्स्टी.’ लिहिणं आणि ऐकणं ही दोन्ही कामं लक्षाच्या एकाच वाटेनं जातात, आणि पहिल्या आकड्याशी वाट तुंबलेली असते. ‘वॉज’ चेपून गेलेला, त्यामुळं हे जुनं भाडं आहे हेही कळलेलं नसतं. असे संवाद आपसात म्हणून बघावेत. एकानं मुद्दाम आकडा बदलायचा, तारीख फिरवायची, ‘नो, सॉरी’ म्हणायचं, आणि दुसऱ्यानं वाक्य संपेपर्यंत पेन कागदाला लावायचं नाही.