मृत्युपत्राने आलेले सामाईक घर

आईवडिलांनी मृत्युपत्र करून राहते घर एकाहून अधिक मुलांना दिले, की त्यांच्या पश्चात ती भावंडे घराची सहमालक होतात. मृत्युपत्रातला नेहमीचा मजकूर 'माझे राहते घर माझ्या तिन्ही मुलांना समान हिश्शाने मिळावे' असा असतो. या ओळीने प्रत्येकाला एक तृतीयांश अविभक्त हिस्सा मिळतो. खोली मात्र कोणालाच मिळत नाही. ओटी, माजघर, माडी, परसातली विहीर या सगळ्यांत तिघांचाही वाटा असतो. रीतसर वाटप होईपर्यंत 'पूर्वेकडची बाजू माझी' असे कोणालाच म्हणता येत नाही. बहुतेक भांडणांचे मूळ या एका गैरसमजात असते.

भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ प्रमाणे मृत्युपत्रावर करणाऱ्याची सही किंवा अंगठा आणि किमान दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. नोंदणी सक्तीची नाही. मात्र देणारा स्वतःच्या मालकीचेच देऊ शकतो. घर वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाचे असेल, तर हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ च्या कलम ३० खाली वडिलांना त्यातला फक्त आपला हिस्सा मृत्युपत्राने देता येतो. आजोबांनी बांधलेले अख्खे घर एकाच मुलाला लिहून देणारी मृत्युपत्रे कोर्टात अडकतात, ती बहुधा इथेच. वडिलांनी स्वकष्टार्जित घर मृत्युपत्राने दिले, तर ते मुलाच्या हाती आपोआप वडिलोपार्जित ठरत नाही. मृत्युपत्र करणाऱ्याचा हेतू काय होता हे पाहावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५३ साली अरुणाचल मुदलियार खटल्यात सांगितले.

शब्द जपून वापरावे लागतात. घर 'दोघांना मिळून' दिले आणि त्यातले एक मूल आईवडिलांच्या आधी निपुत्रिक वारले, तर सगळे घर दुसऱ्याकडे जाते. 'समान हिश्शाने' म्हटले असेल, तर गेलेल्याचा हिस्सा दुसऱ्याला आपोआप मिळत नाही; तो उर्वरित मालमत्तेत जमा होतो. वारलेल्या मुलाच्या मागे मुलेबाळे असतील, तर १९२५ च्याच कायद्यातल्या कलम १०९ मुळे तो हिस्सा सहसा बुडत नाही.

आईवडिलांच्या मृत्यूनंतर मृत्युदाखला आणि मृत्युपत्र जोडून मिळकत पत्रिकेवर किंवा ग्रामपंचायतीच्या घरपट्टी उताऱ्यावर नावे लावून घेतात. ही नोंद सरकारी दप्तरापुरती असते, मालकी तिने ठरत नाही. 'घरपट्टी मी भरतो, म्हणून घर माझे' हा दावाही टिकत नाही. एका सहमालकाचा ताबा हा सर्वांच्या वतीने असतो. एक भाऊ गावी राहून कौले शाकारतो आणि दुसरा मुंबईहून फक्त गणपतीला येतो, तरी येणाऱ्याचा हक्क वर्षांनी झिजत नाही. त्याला उघडपणे मालकी नाकारून बाहेर ठेवले असेल तरच प्रश्न वेगळा. कौलांचा खर्च एकट्यानेच सोसणाऱ्याचीही बाजू न्याय्य असते, आणि वाटपाच्या वेळी तो हिशोबात धरून मागता येतो. दुरुस्तीचा वाटा, राहण्याचा हक्क आणि विकायचे झाल्यास आधी कोणाला विचारायचे, एवढे मृत्युपत्रातच लिहिले तर पुढचे बरेच कज्जे टळतात. दुर्दैवाने ते क्वचितच लिहिले जाते.

बहिणीच्या बाबतीत मृत्युपत्राचे मोल वेगळेच होते. मृत्युपत्र नसेल आणि घरात कुटुंबीय राहत असतील, तर त्या घराची वाटणी मागण्याचा अधिकार मुलीला २००५ पर्यंत नव्हता. भावांनी वाटणी करायचे ठरवले तरच तिला हिस्सा मिळे. ही अट घालणारे हिंदू उत्तराधिकार कायद्याचे कलम २३ त्या वर्षी रद्द झाले. मृत्युपत्राने मिळालेल्या हिश्शाला ही आडकाठी नव्हती, म्हणजे लेकीला बरोबरीचा वाटा देऊ इच्छिणाऱ्या बापापुढे तो मार्ग आधीपासून खुला होता. आजही 'माहेर तुटेल' या धाकाने हक्कसोड पत्रावर सही घेतली जाते. ते नोंदवलेले असावे लागते, आणि एकदा नोंदवले की फसवणूक किंवा दडपण सिद्ध केल्याखेरीज मागे घेता येत नाही. वाचायलाही न देता घेतलेली सही हा उघड अन्याय आहे.

एकमत झाले तर नोंदणीकृत वाटणीपत्र होते. त्यात प्रत्येकाच्या भागाच्या चतुःसीमा लिहितात. जिना, विहीर, वाट आणि बहुधा देवघर सामाईक ठेवतात. एकमत नसेल तर कोणीही सहमालक वाटपाचा दावा लावू शकतो. घराचे तुकडे सोयीने पडत नसतील, तर विभाजन कायदा, १८९३ खाली निम्मा किंवा अधिक वाटा असलेल्या सहमालकांच्या मागणीवरून कोर्ट विक्रीचा हुकूम देऊ शकते; मात्र इतर सहमालकांना कोर्टाने ठरवलेल्या किमतीला तो वाटा विकत घेण्याची संधी मिळते. एखाद्याने आपला हिस्सा त्रयस्थाला विकला, तर एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरात येऊन राहण्याचा हक्क त्या खरेदीदाराला मिळत नाही. त्याने वाटप मागितले, तर घरचे लोक त्याचा हिस्सा विकत घेऊ शकतात.

गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेच्या परंपरेने मृत्युपत्रावर मोठी मर्यादा आहे: मुले असतील तर साधारणपणे आपल्या मालमत्तेचा अर्धाच भाग मनासारखा देता येतो, उरलेला अर्धा मुलांचा. वाटप इन्व्हेंटरी नावाच्या कोर्टातल्या प्रक्रियेने होते. तिथे घर वारसांमध्येच बोलीवर ठेवता येते, आणि सर्वांत जास्त बोली लावणारा इतरांना त्यांच्या वाट्याची रक्कम देऊन घर ठेवून घेतो.