टायर केवढा आणि हवा किती? रोड सायकलवाल्यांसाठी

नवी रोड सायकल घेतलेलं गिऱ्हाईक हमखास म्हणतं, "हवा एकदम कडक मारा." आम्ही मारत नाही. गुळगुळीत रस्त्यावर कडक हवा चालून जाते, पण पुण्यातले रस्ते तसे आहेत का? पेव्हर ब्लॉक, ड्रेनेजची झाकणं, खडी उघडी पडलेलं डांबर. यांवर टणक टायर उड्या मारतो आणि पायांनी लावलेला जोर तुमच्या मनगटात नि कंबरेत जिरतो. एकेकाळी २३ मिमीवर शर्यती मारणारे व्यावसायिक सायकलपटूही आता २८ किंवा त्याहून रुंद टायर लावतात.

टायरच्या कडेला छापलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा आहे, तेवढी हवा भरायलाच हवी असं नाही. रिमची मर्यादा वेगळी असेल तर दोन्हींतली कमी ती पाळा. हुकलेस रिमला, म्हणजे टायर अडकवणारी आत वळलेली कड नसलेल्या रिमला, ती बहुधा ५ बार, म्हणजे सुमारे ७२ पीएसआय असते.

स्वार ७०-७५ किलोचा आणि आत ट्यूब असेल तर आम्ही अशी सुरुवात करून देतो: २५ मिमीला मागे ९०, पुढे ८५, २८ला ८० आणि ७२, ३२ला ६० आणि ५५. मागच्या चाकावर वजन जास्त पडतं, म्हणून हा फरक. पावसात चार-पाच पीएसआय उतरवा.

पण फार उतरवूही नका. गेल्या पावसाळ्यात एका काकांची ट्यूब टबात बुडवली, तर बुडबुड्यांच्या दोन धारा, अगदी शेजारी शेजारी. काका टायरमध्ये काटा शोधत होते. काटा नव्हताच. २५च्या टायरात हवा पन्नासच्याही खाली, त्यामुळे खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिमखाली चेमटली. असं पंक्चर सापाच्या दातांसारखं जोडीनं पडतं.

रुंद टायर घ्यायच्या आधी सायकल आणून दाखवा. रिम ब्रेकच्या जुन्या फ्रेममध्ये बऱ्याचदा २५च बसतो, फार तर २८. टायर आणि फ्रेममध्ये निदान ४ मिमी जागा हवी, नाहीतर चिखल अडकून रंग खरवडतो.

ट्यूबमधली हवा बसल्या जागी उतरते, म्हणून दर आठवड्याला बघा, तेही गेज लावून. अंगठ्यानं दाबून ८० आणि ९०मधला फरक आम्हालाही कळत नाही. बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हला पेट्रोल पंपावरची नळी थेट बसत नाही. घरी गेजवाला उभा पंप असू द्या. नसेल तर शनिवारी संध्याकाळी या. रविवारी पहाटे सिंहगडाला निघालेल्यांची दुकानापुढे रांग असते.