एकच चेंडू, वेगवेगळ्या वेळी

भारताचा सामना ऐन रंगात आलेला असतो. गोलंदाज अजून धावायलाही लागलेला नसतो आणि शेजारच्या बिल्डिंगमधून ओरडा ऐकू येतो. विकेट पडली, एवढं कळलं. कशी पडली ते बघायला आणखी थोडं थांबायचं. ज्यांच्या घरी सामना ॲपवर चालतो त्यांना हे आता सवयीचं झालंय. खापर वायफायवर फुटतं, पण वायफाय बिचारं बहुतेक वेळा निर्दोष असतं. हा उशीर या पद्धतीतच मुरलेला आहे.

डिशवरून येणारं चित्र केवढा प्रवास करतं बघा. उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर. तिथवर जाऊन परत यायचं म्हणजे ७१ हजार किलोमीटरहून जास्त अंतर. पण हे अंतर प्रकाशाच्या वेगाने कापायचं असल्यामुळे त्याला पाव सेकंद पुरतो. चित्र आकसून पाठवणं आणि घरच्या सेट टॉप बॉक्सने ते पुन्हा उलगडणं यात काही सेकंद जातात, तेवढंच. शिवाय उपग्रहाचा एकच झोत अख्ख्या देशावर पडतो. तो एका घराने पाहिला काय किंवा दहा कोटी घरांनी, उपग्रहाला त्याचं सोयरसुतक नाही.

इंटरनेटवर मात्र प्रत्येकाला स्वतंत्र प्रत द्यावी लागते. २०२३च्या विश्वचषकाचा अहमदाबादचा अंतिम सामना ॲपवर एका क्षणी ५.९ कोटी लोक पाहत होते. इतक्या जणांना एकाच ठिकाणाहून चित्र पुरवणं अशक्य. म्हणून चित्राचे चार-सहा सेकंदांचे तुकडे पाडतात. प्रत्येक तुकडा म्हणजे एक साधी फाइल. ती तीन-चार दर्जांत तयार होते, शहराशहरांतल्या सर्व्हरवर तिच्या प्रती ठेवल्या जातात आणि तुमचा फोन, नेटचा जोर पाहून, एकेक तुकडा मागून घेतो. नेहमीच्या पद्धतीत तुकडा पूर्ण झाल्याशिवाय तो पाठवता येत नाही. त्यातून नेट मधेच दगा देईल म्हणून फोन दोन-तीन तुकडे शिल्लक ठेवूनच चित्र दाखवतो. सहा सेकंदांचे तीन तुकडे म्हणजे इथेच अठरा सेकंद मागे पडलो. बनवण्याचा आणि वाहतुकीचा वेळ निराळाच.

हा उशीर कमी करता येतो. तुकडा पूर्ण व्हायच्या आधीच त्याचे बारीक बारीक भाग पुढे ढकलायचे, शिल्लकही कमी ठेवायची. मग अंतर तीन-पाच सेकंदांवर येतं. पण नेट जरा घसरलं की चित्र गोठलंच म्हणून समजा. गोठलेल्या चित्राची तक्रार सगळेच करतात. उशिरा आलेल्या चित्राची तक्रार शेजारी ओरडला तरच होते. सेवा देणाऱ्यांनी यातलं काय पत्करलं असेल ते सांगायला नको. सट्टेबाजांना मात्र या सेकंदांची किंमत पक्की ठाऊक आहे. मैदानात माणूस बसवून पडद्याच्या आधी खबर काढण्याच्या त्यांच्या उद्योगाला ‘पिच-सायडिंग’ असं नावच आहे.

खरी गंमत जाहिरातींत आहे. षटक संपलं की प्रक्षेपणात एक अदृश्य खूण येते: इथे जाहिरात घाला. ही खूण केबलच्या काळापासूनची. ॲपवर कोणते तुकडे कोणत्या क्रमाने मागायचे याची एक यादी फोनकडे सतत येत असते. ती असते निव्वळ मजकुराची फाइल. खूण दिसली की सर्व्हर या यादीत जाहिरातीच्या तुकड्यांची नावं घालतो, आणि ती सगळ्यांसाठी सारखी असावी लागत नाहीत. एका यादीत ट्रॅक्टर, दुसरीत महागडी गाडी. तुम्ही कोणत्या शहरात आहात, कोणत्या भाषेतलं समालोचन लावलंय, तुमचा फोन किती किमतीचा आहे, यावरून प्रेक्षकांचे गट पाडतात. सामना आणि जाहिरात एकाच वाटेने, एकाच रूपात येत असल्याने जाहिरात अडवणारी सॉफ्टवेअरंही इथे बहुधा हात टेकतात.

टीव्हीला असं काही करता येत नाही. तिथे मोजमापही अंदाजाचं. टीव्हीची प्रेक्षकसंख्या मोजणारी बार्क ही संस्था वाहिन्यांच्या आवाजात कानाला न कळणारी खूण मिसळून घेते आणि देशभरातल्या पन्नास हजारांहून थोड्या अधिक घरांतली यंत्रं ती खूण ऐकून कोण काय पाहतंय ते ठरवतात. ॲपकडे मात्र प्रत्येकाच्या प्रत्येक सेकंदाची नोंद. २०२२ साली आयपीएलचे पुढल्या पाच वर्षांचे भारतातले हक्क विकताना टीव्ही आणि डिजिटल असे वेगळे लिलाव झाले. टीव्हीला २३,५७५ कोटी रुपये आले आणि डिजिटलच्या मुख्य हक्कांना २०,५०० कोटी. २०२४च्या अखेरीस हे दोन्ही हक्क घेणाऱ्या कंपन्याच एकत्र झाल्या.

नाशिकच्या एखाद्या शोरूमलाही आता फक्त नाशिकपुरती क्रिकेटमधली जाहिरात परवडू शकते. हे चांगलंच झालं. पण जाहिरात सगळ्यांनी पाहिलेली असायची, तेव्हा ती फसवी असेल तर चारचौघांत बोभाटा व्हायचा. आता मला काय दाखवलं ते तुम्हाला ठाऊक नाही आणि तुम्हाला काय दाखवलं ते मला. वस्तूच्या जागी निवडणुकीतलं आश्वासन ठेवून पाहा, मग यातली मेख लक्षात येते. आणखी एक अडचण अशी की यंत्राला खातं ओळखता येतं, माणूस नाही. २०२३च्या विदा (डेटा) संरक्षण कायद्यात मुलांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींना मनाई आहे. पण वडिलांच्या खात्यावर सामना बघणारा दहा वर्षांचा मुलगा यंत्राच्या लेखी चाळिशीचा गृहस्थच.

गप्पांचीही तीच गत. एकाच कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुण्याचा काका डिशवर, ठाण्याची मावशी ॲपवर आणि न्यू जर्सीतला भाचा तिसऱ्याच सेवेवर. ‘गेला!’ असा मेसेज पडतो तेव्हा कुणाच्या पडद्यावर तो फलंदाज अजून ग्लोव्ह्ज नीट करत असतो. काही घरांत सामन्यापुरता ग्रुप म्यूट करायची पद्धतच पडली आहे. एकत्र पाहण्यासाठी काढलेला ग्रुप एकत्र पाहताना बंद ठेवायचा! मला तरी यात हसण्यापेक्षा चडफडण्यासारखंच जास्त वाटतं.

यावरचा एक उपाय जुन्याच वळणाचा आहे. ‘डायरेक्ट टू मोबाइल’ या तंत्रात टीव्हीसारखंच मनोऱ्यावरून प्रक्षेपण होतं आणि फोन ते इंटरनेटशिवाय पकडतो. एकच लहर, कितीही फोन. आयआयटी कानपूर आणि प्रसार भारती यांनी मिळून याच्या चाचण्याही घेतल्या आहेत. मात्र फोनमध्ये त्यासाठी वेगळी चिप लागते, तिने फोनची किंमत वाढेल म्हणून फोन कंपन्या नाखूश आहेत. आणि डेटा विकून पोट भरणाऱ्या मोबाइल कंपन्यांना ही कल्पना आवडण्याचं तर काही कारणच नाही.