वस्तऱ्याची पारख कुठून आली?

घडीचा वस्तरा घ्यायला निघालेल्या माणसाच्या कानावर पहिल्याच दिवशी काही शब्द पडतात: शेफील्ड, झोलिंगेन, फुल हॉलो, पाच-अष्टमांश, कार्बन स्टील. जाणकार ते सहज बोलून जातात आणि नवखा मान डोलावतो. यातला प्रत्येक शब्द कुठल्या तरी कारागिराच्या अडचणीतून आलेला आहे. ती अडचण कळली की वस्तरा हातात घेऊन काय बघायचे तेही आपोआप कळते.

दाढी काढायची हत्यारे फार जुनी आहेत. इजिप्तमध्ये तांब्याचे आणि ब्राँझचे वस्तरे सापडले आहेत, तर डेन्मार्कमधल्या ब्राँझयुगीन वस्तऱ्यांवर जहाजे कोरलेली आहेत. मुठीत मिटणाऱ्या चांगल्या पोलादी वस्तऱ्याची गोष्ट मात्र एका घड्याळजीपासून सुरू करावी लागते.

बेंजामिन हन्ट्समन इंग्लंडमधल्या डॉनकास्टरला घड्याळे बनवायचा. स्प्रिंगांसाठी मिळणारे पोलाद त्याला दगा देई. तेव्हा लोखंडाच्या सळया कोळशात पुरून कित्येक दिवस तापवत. कार्बन बाहेरून आत मुरत जाई, त्यामुळे साल कडक आणि गाभा मऊ राही. हन्ट्समन शेफील्डजवळच्या हँड्सवर्थला राहायला गेला आणि १७४० च्या दशकात त्याने मातीच्या मुशीत, कोकच्या भट्टीवर, सुमारे १६०० अंश सेल्सिअसला पोलाद पूर्ण वितळवण्याची रीत बसवली. वितळल्यामुळे ते एकजीव झाले. शेफील्डच्या सुऱ्या-कात्र्या करणाऱ्यांनी आधी ते नाकारले, कारण ते घडवायला फार कठीण होते. फ्रान्समधल्या कारागिरांनी ते उचलले. तिकडचा माल सरस ठरू लागला, तेव्हा शेफील्डलाही ते घेणे भाग पडले.

एकजीव पोलादाची सगळ्यात जास्त गरज वस्तऱ्यालाच होती. भाजीच्या सुरीत एखादा मऊ ठिपका असला तरी खपून जातो. वस्तऱ्याची धार मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) आसपास किंवा त्याहून बारीक असते, तिथे तो ठिपका म्हणजे खाचच, आणि ती खाच गालाला लगेच जाणवते. जुन्या वस्तऱ्यांवर 'कास्ट स्टील' असा शिक्का दिसला तर ओतीव लोखंड समजून नाक मुरडू नये. मुशीतल्या पोलादाची ती अभिमानाने मारलेली खूण आहे. त्यासाठी लागणारे शुद्ध लोखंड बहुतांशी स्वीडनमधून येई आणि त्यात डॅनेमोरा खाणीच्या लोखंडाला विशेष मान होता.

पोलाद मिळाले, पण वस्तरा अजून न्हाव्याच्याच हातात होता. १७६९ मध्ये पॅरिसच्या झाँ-झाक पेरे या सुरीकाराने स्वतःची दाढी स्वतः कशी करावी यावर पुस्तक लिहिले आणि हात चुकला तरी खोल कापू नये म्हणून पात्याला आड बसवण्याची कल्पनाही मांडली. घरोघरी वस्तरा जाऊ लागला तशी नव्या पोलादाची ओढ वाढली. पुढे मायकेल फॅराडेने जेम्स स्टोडार्ट या सुरीकाराबरोबर पोलादाच्या मिश्रणांवर प्रयोग केले. भारतात मुशीत होणाऱ्या 'वूट्झ' पोलादाचा अभ्यास हे त्यातले एक सुरुवातीचे पाऊल होते. पाचशे भाग पोलादात एक भाग चांदी घातलेले मिश्रण त्यांना चांगले वाटले. १८२० आणि १८२२ मध्ये हे निष्कर्ष छापून आले आणि 'सिल्व्हर स्टील' हे शब्द वस्तऱ्यांवर झळकू लागले. नुसत्या त्या शब्दांवरून आत चांदी आहे असे मात्र धरू नये.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, ती म्हणजे पात्याचा आकार. सुरुवातीची पाती जवळजवळ पाचरीसारखी होती, पाठ जाड आणि दोन्ही अंगे सपाट. अशा पात्याला धार लावताना निसण्यावर खूप पोलाद घासावे लागे. एकोणिसाव्या शतकात पात्याची दोन्ही अंगे लहान चाकांवर आतून खोलगट घासू लागले, आणि हे काम जर्मनीतल्या झोलिंगेन या सुऱ्या-वस्तऱ्यांच्या गावातल्या कारागिरांनी कळसाला नेले. पूर्ण खोलगट, म्हणजेच 'फुल हॉलो', पात्याची धारेजवळची पट्टी इतकी पातळ असते की नखावर हलकेच टेकवून सरकवली तर लवताना दिसते, आणि दाढी करताना केस तुटल्याचा बारीक आवाज देते. जाड, राठ दाढीला पाव किंवा अर्धे खोलगट, वजनदार पाते सोयीचे, असे बरेच जण म्हणतात. मलाही तसेच वाटते, पण हा हाताच्या सवयीचा भाग आहे.

पाते कितीही खोलगट असो, धारेचा कोन पाठच ठरवते. वस्तरा निसण्यावर आडवा ठेवला की पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकतात. कोन हाताने सांभाळायचा नसतो, तो घडवणाऱ्याने पाठीच्या जाडीत आणि पात्याच्या रुंदीत आधीच बांधून ठेवलेला असतो, साधारण १६ ते १७ अंशांचा. म्हणून रुंदीला एवढे महत्त्व. ती इंचाच्या अष्टमांशात मोजतात. ५/८ म्हणजे सुमारे १६ मिलिमीटर, आणि नवशिक्याला हे माप हाताळायला बरे. जुना वस्तरा बघताना पाठीवर निसण्याने पडलेली सपाट पट्टी शोधा. ती दोन्ही बाजूंना सारखी आणि अरुंद असेल तर वस्तरा जाणत्या हातात होता. पट्टी रुंद असेल किंवा एका टोकाला पसरत गेली असेल, तर पाठ झिजून कोन बदलला आहे. पाते काचेच्या सपाट तुकड्यावर ठेवून डुगडुगते का तेही बघावे. वाकड्या पात्याला सरळ धार लावणे म्हणजे उगाच पोलाद खाणे.

शिक्क्यांचा इतिहास मुख्यतः भरवशाचा आणि नकलांचा आहे. शेफील्डच्या परिसरातल्या सुरीकारांचा संघ १६२४ मध्ये संसदेच्या कायद्याने स्थापन झाला आणि कारागिरांच्या खुणांची नोंद ठेवू लागला. झोलिंगेनमध्ये पेटर हेंकेल्सने जुळ्यांची खूण १७३१ मध्ये नोंदवली. गावाचे नावच विकले जाऊ लागले तशा नकलाही आल्या. शेवटी १९३८ मध्ये जर्मनीत 'झोलिंगेन' या नावालाच कायद्याचे संरक्षण मिळाले. जुन्या मालाचा काळ ओळखायला आणखी एक कायदा उपयोगी पडतो: अमेरिकेच्या १८९० च्या मॅकिन्ली जकात कायद्याने आयात मालावर देशाचे नाव घालणे सक्तीचे केले. त्यामुळे 'इंग्लंड' किंवा 'जर्मनी' छापलेला वस्तरा बहुधा त्यानंतरचा असतो.

मग जिलेट आला. किंग कँप जिलेटला पाते बदलता येणाऱ्या सेफ्टी रेझरचे पेटंट १९०४ मध्ये मिळाले, आणि पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने त्याचे सुमारे ३५ लाख रेझर घेतले. घरी परतलेल्या सैनिकांनी ती सवय सोडली नाही. हळूहळू वस्तऱ्यांचे कारखाने बंद पडले आणि त्यांच्याबरोबर खोलगट घासण्याचे कसबही थोड्यांच्या हातात उरले. वस्तऱ्यासारख्या दिसणाऱ्या, पण मऊ पोलादाच्या वस्तू आज ढिगाने मिळतात त्या याच पोकळीत. त्यांना कितीही धार लावली तरी ती टिकत नाही. नवा वस्तरा घ्यायचा तर पोलाद कोणते आणि त्याला पाणी किती दिले आहे हे विचारावे. रॉकवेल या कडकपणाच्या मापावर ६० च्या आसपासचा कडकपणा हवा.

जुना घेणार असाल तर मुठीकडेही बघा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हस्तिदंत आणि कासवाच्या पाठीच्या जागी सेल्युलॉइड आले. ते स्वस्त होते, रंगीत होते, पण वर्षांनी ते विघटन पावते आणि त्यातून निघणारे आम्लधर्मी वायू पाते खातात. माझ्याकडच्या एका वस्तऱ्याची कासवी रंगाची मूठ वरून निर्दोष होती, पण मुठीत मिटणारा पात्याचा भाग काळ्या ठिपक्यांनी भरला होता. तो इतर वस्तऱ्यांच्या शेजारी पेटीत वर्षभर होता. त्याच्या दोन्ही बाजूंच्या पात्यांवरही तसेच ठिपके उमटले होते. पाठीजवळचा गंज घासून निघतो. धारेपर्यंत पोचलेला ठिपका निघत नाही, आणि टाचेजवळची, म्हणजे पात्याच्या मुठीकडच्या टोकाजवळची, केसाएवढी चीरही सांधता येत नाही. पाते उजेडात तिरके धरून हळूहळू फिरवले की दोन्ही दिसतात.