बहिणीचा वाटा : कायद्यात, धोरणात आणि घरात

वडील गेले की गावाकडे पहिलं सरकारी काम निघतं ते वारस नोंदीचं. मृत्यूचा दाखला घेऊन मुलगे तलाठ्याकडे जातात, वारसांची यादी होते, फेरफार, म्हणजे हक्कबदलाची नोंद, धरला जातो, नोटिसा निघतात आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. या यादीत आता मुलींची नावं घालावीच लागतात. त्यानंतर थोड्याच दिवसांत अनेक घरांत दुसरा कागद तयार होतो : हक्कसोडपत्र. बहिणी माहेरी येतात, दुय्यम निबंधक कार्यालयात फोटो निघतो, अंगठे लागतात, दोन साक्षीदार सह्या करतात. मजकूर ठरलेला असतो. मी राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय, बिनमोबदला माझा हिस्सा भावांच्या लाभात सोडत आहे. मुद्रांक शुल्क नाममात्र असतं.

पहिला कागद म्हणतो की लेक लेकाइतकीच वारस आहे. दुसरा कागद म्हणतो की तिला काही नको. दोन्ही कायदेशीर आहेत. एकाच महिन्यात एकाच घरात हे दोन्ही कसे काय होतात, हे समजायला नव्वदेक वर्षं मागे जावं लागतं.

पश्चिम भारतात हिंदू कुटुंबांना लागू होणारा वारसा कायदा मुख्यतः मिताक्षरेवर उभा होता. विज्ञानेश्वराने अकराव्या-बाराव्या शतकाच्या सुमारास याज्ञवल्क्य स्मृतीवर लिहिलेल्या या टीकेनुसार वडिलोपार्जित मिळकतीत मुलाला जन्मतःच हक्क मिळतो. मुलीला तो नव्हता. मुंबई इलाख्याच्या परंपरेत एक वेगळेपण होतं : मुलगा नसेल आणि मिळकत मुलीकडे आली, तर ती तिची पूर्ण मालकीची मानली जाई. इतर बऱ्याच प्रांतांत तिला फक्त हयातीपुरता उपभोग होता. पण हे मुलगा नसेल तरच. मुलगा असला की मुलीच्या वाट्याला लग्नाचा खर्च, अंगावरचे दागिने आणि कुठे कुठे चोळीबांगडीसाठी तोंडी दिलेला जमिनीचा तुकडा.

1937 साली मध्यवर्ती विधिमंडळात मुंबईचे शल्यविशारद डॉ. गोपाळराव देशमुख यांनी आणलेला कायदा मंजूर झाला. लोक त्याला देशमुख कायदाच म्हणत. त्यांच्या मूळ विधेयकात मुलींचाही विचार होता. सभागृहाच्या वाटाघाटींत तो गळाला आणि उरला तो विधवेचा हिस्सा : मुलाइतका, पण हयातीपुरता. तिने तो खायचा, विकायचा नाही. त्यातही 1941 मध्ये फेडरल कोर्टाने सांगितलं की शेतजमीन हा प्रांतांचा विषय आहे, म्हणून हा केंद्रीय कायदा तिला लागू नाही. शेती हीच ज्या देशाची मिळकत, तिथे शेती वगळून दिलेला हक्क विधवेच्या हाती किती पडला असेल, याचा अंदाज करायला आकडे लागत नाहीत. पुढच्या प्रत्येक सुधारणेत हीच गोष्ट पुन्हा दिसते. तत्त्व मान्य होतं, जमीन मात्र कुठल्या ना कुठल्या कलमाने बाजूला काढली जाते.

त्यानंतर आलं हिंदू कोड बिल, म्हणजे हिंदूंच्या लग्न, वारसा, दत्तक अशा कायद्यांची एकत्र मोट बांधणारं विधेयक. बी. एन. राव समितीने मुलीला मुलाच्या निम्मा वाटा सुचवला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर कायदामंत्री असताना प्रवर समितीतून बाहेर आलेल्या मसुद्यात तो मुलाइतका झाला. शिवाय जन्मतः हक्क देणारी मिताक्षरा पद्धतच मोडीत काढायची होती. विरोध प्रचंड झाला. घर फुटेल, बहीण-भावात वैर येईल, जावई सासऱ्याच्या शेतात नांगर घालेल, अशा भीतीवर तो उभा होता. बिल रखडलं आणि सप्टेंबर 1951 मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. राजीनाम्याच्या कारणांत हिंदू कोडची झालेली परवड ठळक होती.

1956 चा हिंदू वारसा कायदा त्याच बिलाचा एक तुकडा. त्याने विधवेची हयातीपुरती मालकी पूर्ण मालकी केली, हे फार मोठं काम होतं. पण जन्मतः हक्काची पद्धत शिल्लक ठेवली. त्याचा परिणाम काय, तो हिशेब मांडल्यावरच कळतो. समजा वडिलोपार्जित बारा एकर जमीन आहे. वडील, दोन मुलगे, एक मुलगी. आई आधीच वारलेली. वडील वारले. आधी कल्पनेत वाटप करायचं : वडील आणि दोन मुलगे, प्रत्येकी चार एकर. मग वडिलांच्या चार एकरांचे तीन भाग. मुलीला आले एक एकर तेरा गुंठे, प्रत्येक मुलाला पाच एकर तेरा गुंठे. पेपरात मथळा मात्र ‘मुलीला समान वाटा’. राहत्या घरात तिला हिस्सा होता, पण भावांनी वाटप मागितल्याशिवाय तिला ते मागता येत नव्हतं. तुकडेबंदी, कमाल धारणा आणि कूळकायद्यांतल्या तरतुदींनाही या कायद्यातून वगळलं होतं. जमिनीचे तुकडे पडतील हे कारण तेव्हाही सांगत, आजही सांगतात. तीन भाऊ असले तर तुकडे पडतातच. त्याची काळजी करणारं मला अजून कोणी भेटलेलं नाही.

हा दोष काढायला राज्यांनी आधी हात घातला. केरळने एकत्र कुटुंब पद्धतीच कायद्याने संपवली. आंध्र प्रदेश आणि तामिळनाडूने मुलीला जन्मतः हक्क दिला. महाराष्ट्रात ही दुरुस्ती 22 जून 1994 पासून लागू झाली, राज्याचं पहिलं महिला धोरण आलं त्याच वर्षी. वरच्या उदाहरणात आता चार वाटे पडतात, वडिलांचा वाटा पुन्हा तिघांत जातो आणि मुलीला भावांइतकेच चार एकर मिळतात. अट एकच होती, पण फार टोचणारी : त्या तारखेपूर्वी लग्न झालेल्या मुली वगळलेल्या. धाकटीचं लग्न जुलैत झालं म्हणून ती हक्कदार आणि मे महिन्यात बोहल्यावर चढलेली थोरली नाही. लग्न झालं की मुलगी परक्या घरची, ही समजूत धोरण आणणाऱ्यांनीही कायद्यात लिहून ठेवली.

केंद्राने 9 सप्टेंबर 2005 पासून ती अट काढली, शेतजमिनीला वगळणारं पोटकलम काढलं, राहत्या घराचं बंधनही काढलं. तरी वाद पंधरा वर्षं चालला. वडील त्या दिवशी हयात हवेत का? 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, हवेत. 2018 च्या एका निकालात वडील 2001 मध्ये वारलेले असूनही मुलींना वाटा मिळाला. अखेर 11 ऑगस्ट 2020 रोजी विनीता शर्मा खटल्यात तीन न्यायमूर्तींनी प्रश्न मिटवला : हक्क जन्माने आहे, वडील कधी वारले याच्याशी त्याचा संबंध नाही. 20 डिसेंबर 2004 पूर्वी रीतसर झालेली वाटपं आणि व्यवहार मात्र उकरता येणार नाहीत. याच निकालात आणखी एक महत्त्वाची गोष्ट आहे. ‘आमचं तोंडी वाटप आधीच झालंय’ हा बचाव सहजासहजी मानायचा नाही, त्याला सरकारी कागदांचा भक्कम आधार हवा. गावोगाव बहिणींना हेच उत्तर मिळत आलं आहे, म्हणून हे वाक्य मला निकालातलं सर्वांत उपयोगी वाटतं.

इथवर सगळं लेकीबद्दल झालं. पण तीच लेक दुसऱ्या घरची सून असते आणि तिथे हिंदू कायदा तिला नवऱ्याच्या हयातीत मालकीतलं काहीच देत नाही. पोटगी, निवारा एवढंच. राबते ती त्या शेतात, नाव मात्र नवऱ्याचं किंवा सासऱ्याचं. हा मुद्दा महाराष्ट्रात सरकारी कचेरीतून आला नाही, शेतकरी चळवळीतून आला. नोव्हेंबर 1986 मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं आणि शरद जोशींनी पुढे लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम मांडला. नवऱ्याने जमिनीचा काही भाग बायकोच्या नावे करायचा. ज्या गावात शंभर घरं असं करतील ते लक्ष्मीमुक्ती गाव. जोशी याला दान म्हणत नसत, घरच्या लक्ष्मीच्या ऋणातून मोकळं होणं म्हणत. जळगाव जिल्ह्यातलं विटनेर या कामात पुढे होतं. 1992 मध्ये सरकारने परिपत्रक काढून नवऱ्याने अर्ज केल्यास पत्नीचं नाव सातबाऱ्यावर सहधारक म्हणून लावण्याची सोय केली. आजही लक्ष्मी योजना म्हणून तलाठी कार्यालयात ती चालते.

कायदा आणि धोरण यांचे रस्ते इथे वेगळे झाले. कायद्यात समानता म्हणजे मागता येणारा हिस्सा, नाही दिला तर दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा. धोरणात समानता म्हणजे कागदावर नाव यावं म्हणून दिलेलं प्रोत्साहन. ‘घर दोघांचे’ मोहिमेत ग्रामपंचायतीच्या उताऱ्यावर पती-पत्नी दोघांची नावं लावली गेली. एप्रिल 2021 पासून स्त्रीच्या नावे घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळू लागली. मे 2024 पासून जन्मलेल्या बाळाच्या नावापुढे आधी आईचं, मग वडिलांचं नाव. हे सगळं चांगलं आहे आणि मी त्याच्या बाजूने आहे. पण अर्ज नवऱ्याने करायचा असतो. त्याने केला नाही तर बायको कुठल्याही न्यायालयात जाऊन ‘लक्ष्मी योजनेत माझं नाव लावा’ असं म्हणू शकत नाही. 2015-16 च्या कृषिगणनेत देशातल्या वहितीच्या खातेदारांत स्त्रिया साधारण 14 टक्के होत्या, ही संख्या या दोन्ही रस्त्यांची मिळून आहे.

शेजारच्या गोव्यात चित्र निराळं. पोर्तुगीज काळातल्या 1867 च्या नागरी संहितेतून आलेल्या कायद्यानुसार लग्नाच्या वेळी वेगळा करार नसेल तर दोघांची मिळकत सामाईक होते, निम्मी बायकोची. तिच्या सहीशिवाय स्थावर विकता येत नाही. मुलींनाही मुलांइतकाच वाटा, आणि वडिलांना मृत्युपत्राने निम्म्याहून अधिक मिळकत मनासारखी देता येत नाही. तरीही तिथेही बहिणी नोटरीपुढे हक्क सोडतात. म्हणजे कलम कितीही चांगलं असलं तरी त्यापलीकडे काहीतरी आहे.

ते काहीतरी म्हणजे माहेर. भाऊबीजेला ओवाळायला जायचं घर, बाळंतपणाला आधार, नवऱ्याने हाकललं तर रात्री ज्याची कडी वाजवता येईल ते दार. सासरी मालकी नाही, म्हणून माहेर लागतं. माहेर टिकवायचं म्हणून तिथला वाटा सोडायचा. बहिणींना हक्क माहीत नसतो असं शहरातून फार बोललं जातं. माहीत असतो. त्या हिशेब करतात आणि चार एकरांपेक्षा ते दार त्यांना जास्त खात्रीचं वाटतं. घरातली समानता अशी मोजली जाते : तुझं लग्न केलं, तुला दिलं-घेतलं, आता भावाचं भावाला. लग्नात गेलेला पैसा जावयाच्या घरी गेला, मुलीच्या नावावर नाही, हे त्या हिशेबात कधीच येत नाही. आणि नणंदेच्या वाट्यावरून कपाळाला आठ्या घालणाऱ्या भावजयीनेही तिच्या माहेरी अशीच सही केलेली असते.

या घरगुती समजुतीला सरकारी दप्तरानेही साथ दिली. जुने सातबारे काढून पाहा. कब्जेदाराच्या रकान्यात थोरला भाऊ, नावाआधी ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. आई आणि बहिणी ‘इतर हक्क’ या रकान्यात, जिथे सोसायटीचा बोजा आणि विहिरीतलं पाणी लिहितात. कायद्याने त्या वारस होत्याच. पण कर्ज, पीकविमा, नुकसानभरपाई कब्जेदाराला मिळते, इतर हक्कवाल्याला नाही. विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकरी आत्महत्यांनंतर हे फार क्रूरपणे समोर आलं. जमीन सासऱ्याच्या नावे, नवरा गेलेला, आणि शेत कसणाऱ्या बाईच्या हातात एकही उतारा नाही. 2019 मध्ये अशा कुटुंबांतल्या स्त्रियांच्या वारस नोंदी करण्यासाठी शासन निर्णय निघाला, तो महिला संघटनांच्या रेट्यामुळे.

बदल होतोय, आणि तो पैशाच्या वाटेने येतोय. रस्त्यासाठी, एमआयडीसीसाठी भूसंपादन झालं की मोबदला वाटताना सगळ्या वारसांच्या संमती लागतात. कोरडवाहू चार एकर सोडणारी बहीण कोटीच्या मोबदल्यापुढे थांबते, विचारते, वकील गाठते. तिला लोभी म्हणतात. भाऊ तोच पैसा घेताना त्याला कोणी काही म्हणत नाही. अशा वेळी एक गोष्ट माहीत असावी : विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळण्यासाठी स्त्रीला उत्पन्नाची अट नाही.

कायद्याचं काम मात्र संपलेलं नाही. 1956 च्या कायद्यातलं कलम 15 अजून तसंच आहे. निपुत्रिक विधवा मृत्युपत्र न करता वारली, तर तिने स्वतःच्या पगारातून घेतलेला फ्लॅटसुद्धा आधी नवऱ्याच्या वारसांकडे जातो, म्हणजे दिराकडे, नणंदेकडे. तिच्या आईवडिलांचा क्रमांक त्यानंतर. पुरुष वारला तर त्याची मिळकत बायकोच्या माहेरी जावी असं कुठलंही कलम नाही. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असं प्रकरण आलं होतं. लग्नानंतर काही महिन्यांतच विधवा झालेली, सासरने हाकललेली, आईवडिलांनी शिकवून नोकरीला लावलेली ती बाई. तिची कमाई नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांना मिळाली, कारण कलमाचे शब्द स्पष्ट होते. विधी आयोगाने त्याआधीच, 2008 मध्ये, हे कलम बदलण्याची शिफारस केली होती.